उत्तर आधी, रीडिंग मागाहून

2020 साली सगळी कॉलेजं माणसांच्या घरात राहायला आली, तेव्हा माझी नात अकरावी सायन्सला होती. तिची प्रयोगशाळा आमच्या जेवणाच्या टेबलावर भरायची. एके दिवशी पाहतो तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक लंबक झुलतोय. धुळीचा कण नाही, वाऱ्याचा झोत नाही, दोऱ्याला पीळ नाही. इतका सद्‌गुणी लंबक मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मी कौतुकानं बघत राहिलो, तर नात म्हणाली, "आबा, तुला आठवतंय का? ‘जी’ किती आलं पाहिजे?"

किती आलं, असं नाही. किती आलं पाहिजे!

मला एकदम भरून आलं. पन्नास वर्षांत पुलाखालून एवढं पाणी गेलं, स्लाइड रूल गेली, लॉग टेबल गेलं, पण हा प्रश्न जागचा हलला नाही. तिचं उत्तर 9.8 यायला हवं होतं, आमचं 980 यायचं. आम्ही सेंटिमीटरवाले, ती मीटरवाली. आमच्या काळापासून आजवर आकडा खाली आल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. मी 1971 साली तिथं प्री-डिग्री सायन्सला होतो. इमारत अशी एक होती, पण तिच्यात ऑफिस, प्राचार्य आणि आर्ट्स एवढेच मावत. सायन्सची सोय मागच्या गोडाऊनमध्ये केलेली. तिथं पूर्वी भुईमुगाच्या शेंगा भरत असत. शेंगा जाऊन चार वर्षं झाली होती, तरी वास गेला नव्हता. केमिस्ट्रीच्या बाजूला किपचं उपकरण चालू झालं, की सडक्या अंड्यांचा वास आणि शेंगांचा वास एकत्र होऊन, घरी बिघडलेला खाद्यपदार्थ कुणीतरी लपवून ठेवावा तसं काहीतरी दरवळायचं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या मध्ये पोत्याचा पडदा होता. विज्ञान ही एकच आहे, तिच्या शाखा आपण पाडल्या, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. नाकानंच कळलं.

उपकरणांविषयी बोलू नये हे बरं. मीटर ब्रिज होता, त्याची तार मध्ये एका ठिकाणी जोडलेली होती. पोस्ट ऑफिस बॉक्स होता, त्यातल्या तीन खुंट्या हरवल्या होत्या आणि त्यांच्या जागी मामांनी बाभळीच्या खुंट्या घडवून बसवल्या होत्या. दिसायला हुबेहूब. लाकडातून वीज जात नाही, एवढाच काय तो दोष. नवीन सामानाची मागणी केली, की प्राचार्य सर चंद्रशेखर रामन यांना पुढं करत. "रामन काय कपाटं भरून यंत्रं घेऊन बसले होते?" ते विचारत. रामन यांनी सरकारी हिशेब खात्यातली नोकरी सांभाळून कलकत्त्याला संशोधन केलं, 1928 साली साध्यासुध्या साहित्यावर आपला शोध लावला आणि 1930 साली नोबेल आणलं, हे खरं आहे. पण त्यामुळं आमच्या स्पेक्ट्रोमीटरचं काय करायचं, हा प्रश्न सुटत नव्हता.

स्पेक्ट्रोमीटर आम्हाला होता आणि नव्हता. म्हणजे असं, की विद्यापीठाची चौकशी समिती यायची असली की तो असायचा. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजातून तो एस.टी.नं यायचा. मामा त्याला धोतराच्या पानात गुंडाळून मांडीवर घेऊन बसत, आणि कंडक्टर दर वेळी पोर समजून अर्धं तिकीट फाडायला जाई. सोमवारी समिती आमच्याकडं, बुधवारी शेजारच्यांकडं. मंगळवारच्या मुक्कामाच्या गाडीनं स्पेक्ट्रोमीटर माघारी. एका वर्षी समितीतले एक वयस्क सदस्य बुधवारी त्याच्याकडं बराच वेळ निरखून पाहत राहिले आणि म्हणाले, "यांना कुठंतरी पाहिलंय." मग चहा आला.

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. शिक्षण सातवी. पण त्यांच्याजवळ एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. कॉलेज निघाल्यापासून ज्या ज्या मुलाचं जर्नल उत्तम म्हणून सही होऊन आलं, त्याची सगळी रीडिंग्ज मामांनी कुणाकडून तरी तिच्यात उतरवून घेतली होती. एक चहा आणि एक भजीची प्लेट, एवढ्यावर ती वही तासभर मिळे. त्या वहीत भिंगाचं नाभीय अंतर जे यायला हवं तेच आलेलं असे. तारेचा विशिष्ट रोध पुस्तकासारखा. आणि लंबकाचं ‘जी’, 980.

याला आम्ही ‘रीडिंग शिजवणं’ म्हणत असू. पद्धत सोपी. आधी उत्तर पाटावर बसवायचं, मग त्याच्याभोवती रीडिंगांची रांगोळी घालायची. अगदी तंतोतंत घालायची नाही, ते कच्च्या आचाऱ्याचं लक्षण. एक रीडिंग थोडं वर, एक थोडं खाली, एखादं खोडून पुन्हा लिहिलेलं. खाडाखोड ही प्रामाणिकपणाची कोथिंबीर. मी तर एकदा पानावर मुद्दाम तेलाचा डाग पाडला होता.

यात आपण काही पाप करतो आहोत, असं मला वाटलं नाही, हे इथं कबूल केलं पाहिजे. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर पाहिला असता तर वाटलं असतं. देवळातली चप्पल चुकून घालून आलो तरी रात्रभर झोप येत नसे. पण 980 ला 980 म्हणणं यात खोटं काय? पृथ्वी काही माझ्या जर्नलवर चालत नाही. सत्य ठाऊकच आहे, आपण फक्त त्याच्यापर्यंत जवळच्या वाटेनं गेलो. सत्य सांगण्यासाठी थोडं खोटं लिहिलं, इतकंच. माझ्या एका काकांनी नेमक्या याच तत्त्वावर सोळा लग्नं जमवली होती.

पण माझा जोडीदार विचित्र होता. प्रयोगाला दोघांची जोडी असे. माझ्या वाट्याला हा आला. हा खरोखरच प्रयोग करायचा. एक मीटर लांबीचा दोरा, खाली पितळी गोळा, वीस झोके मोजायचे आणि स्टॉपवॉचवर वेळ पाहायची. चाळीस पूर्णांक सहा दशांश सेकंद. गणित केलं, ‘जी’ आलं 958. त्यानं लांबी बदलली, पुन्हा केलं. 956. पुन्हा, 961. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "तुझं काहीतरी चुकतंय. बाकी बावीस जणांचं 980 आलंय." बावीस जणांपुढं एकट्याचं काय चालणार? विज्ञानात बहुमतानं निर्णय होत नाहीत, असं पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं, पण आम्ही पुस्तक दुसऱ्या पानापासून वाचायला घेतलं होतं. सर बिचारे चांगले. नुकतेच एम.एस्सी. होऊन आलेले, नोकरी दर वर्षी जूनमध्ये नवी होणारी. त्यांनी त्याला तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा मीच त्याचा कागद ओढून घेतला आणि मामांच्या वहीतलं टेबल उतरवून दिलं. जोडीदार दोन दिवस बोलला नाही. सरांनी मात्र ‘व्हेरी गुड’ लिहिलं.

आता मजा पाहा. ते स्टॉपवॉच पाचव्या भागापर्यंत सेकंद दाखवायचं. 40.0 किंवा 40.2, मधलं काही नाही. एक मीटर लांबीला 40.0 धरलं तर ‘जी’ येतं 987 आणि 40.2 धरलं तर 977. म्हणजे त्या लांबीला 980 त्या घड्याळावर येणं शक्यच नव्हतं! आणि बावीस जणांना आलं होतं. एवढं साधं गणित कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण गणित उलटं करायच्या नादात ते सुलटं करून बघायला सवड कुणाला होती? शिवाय 980 हा आकडाही आमच्या गावचा नव्हे. ‘जी’ जागेप्रमाणं बदलतं. विषुववृत्तावर 978, ध्रुवावर 983 च्या वर. 980.665 हा जो प्रमाण आकडा आहे तो 1901 साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठराव करून घेतलेला, आणि तो साधारण 45 अंश अक्षांशाच्या बाजूचा. आमचा तालुका 17 अंशांवर. तिथं पृथ्वी 978 च्या थोडं वर, एवढंच ओढते. बटाटे आमच्याकडचे आणि भाव फ्रान्समधला, असा तो व्यवहार होता.

त्या स्टॉपवॉचविषयी दोन शब्द सांगायला हवेत. लॅबमध्ये चालू असं ते एकच. स्विस बनावटीचं, मखमली डबीतलं. संस्थापकांपैकी कुणीतरी देणगी दिलेलं. सर ते कुलपात ठेवत आणि देताना दोन्ही हातांनी देत. त्याची कीर्ती गोडाऊनबाहेरही होती. डिसेंबरात स्पोर्ट्स आले तेव्हा जिमखान्याचं घड्याळ बंद पडलेलं निघालं. जिमखान्याचे सर म्हणाले, "सायन्सचं आणा. ते चुकायचं नाही." मामा मखमली डबी घेऊन मैदानावर गेले. मीही मागं गेलो. आपल्या खात्याचं घड्याळ, म्हणून छाती जरा फुगलेली.

आर्ट्सला एक मुलगा होता. सहा किलोमीटरवरच्या वाडीतून यायचा. एस.टी.चे पैसे वाचावेत म्हणून पळत यायचा, आणि म्हैस धारेला ताटकळू नये म्हणून पळत जायचा. आठशे मीटरला त्याच्याजवळपास कुणी नव्हतं. जिमखान्यानं ठरवलं होतं, की विभागीय स्पर्धेला पाठवायचं तर 2 मिनिटं 4 सेकंदांच्या आत यायला हवं. उगीच बाहेरगावी जाऊन कॉलेजचं नाव घालवायला नको, आणि प्रवासखर्चही नको. तो अनवाणी पळाला. घड्याळ थांबलं 2 मिनिटं 5 सेकंदांवर. एका सेकंदानं हुकलं. सर हळहळले, पण नियम तो नियम. मुलगा अंगरखा झटकून म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तो कॉलेजात नव्हता. वडील आजारी पडले म्हणून सोडलं, असं ऐकलं.

परीक्षा आठ दिवसांवर आली, तेव्हा माझा जोडीदार एका दुपारी मामांचा ट्रान्झिस्टर आणि स्टॉपवॉच घेऊन बसलेला दिसला. 958 अजून त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. आकाशवाणीच्या ठोक्यांवर त्यानं आधी आपलं, सरांचं आणि हेडक्लार्कचं अशी तीन मनगटी घड्याळं लावली, मग त्या तिघांसमोर स्टॉपवॉच दहा मिनिटं चालवलं. तीन घड्याळांत दहा मिनिटं झाली, तेव्हा स्विस बनावटीच्या घड्याळात दहा मिनिटं सहा सेकंद झाले होते. पुन्हा केलं. पुन्हा सहा सेकंद. शेकडा एक टक्का पुढं.

गणितात वेळेचा वर्ग होतो, म्हणून एक टक्क्याचे दोन टक्के. 978 मधून दोन टक्के काढा. 958 ते 959! पृथ्वी बरोबर होती, जोडीदार बरोबर होता, फक्त घड्याळ चूक होतं. आणि ते किती वर्षं चूक होतं, कुणास ठाऊक. चार वर्षांच्या चार तुकड्या, म्हणजे शंभराच्या आसपास मुलांनी ते हातात धरलं होतं. त्यातल्या एकानं जरी आपलं खरं रीडिंग हट्टानं लिहून ठेवलं असतं, दुसऱ्यानं तसंच लिहिलं असतं, तर पोत्याच्या पडद्याआडही कुणाला तरी कळलं असतं. पण आमचे सगळे आकडे इतके बरोबर होते, की चूक सापडायला जागाच उरली नव्हती.

आम्ही सरांना सांगितलं. ते बराच वेळ घड्याळाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "डेड स्टॉक रजिस्टरला हे चालू म्हणून आहे. देणगीचं आहे. परीक्षा आठ दिवसांवर आहे आणि बाहेरचे परीक्षक 980 बघणार." आणि त्यांनी ते डबीत ठेवलं. मी तेव्हा त्यांना मनात बरंच काही म्हणालो. आता त्यांचं त्या वेळचं वय काढतो तर ते येतं चोवीस. माझ्या नातीपेक्षा थोडंच मोठं.

चोवीस टक्के, शहात्तर टक्के अशी जबाबदारीची वाटणी करायचा मोह होतो, पण तो इथंच आवरतो. कारण परीक्षेत चिठ्ठ्या उचलल्या तेव्हा जोडीदाराला भिंग आलं आणि मला लंबक. पृथ्वीच्या पाठीवर ज्या दोन-तीन माणसांना ते घड्याळ एक टक्का पुढं आहे हे माहीत होतं, त्यांतला मी एक. प्रत्येक वेळेतून एक टक्का वजा केला असता, बाजूला एक ओळ लिहिली असती, तर खरं उत्तर हातात होतं, आणि तेही 978 च्या आसपासचं. परीक्षकांनी फार तर भुवई उंचावली असती. मी गोळा लटकवला, हलवला, झोके मोजल्यासारखे ओठ हलवले आणि मामांच्या वहीतलं टेबल लिहिलं. वीसपैकी अठरा.

हे मन खात राहिलं, की माणूस थोरामोठ्यांच्या चुका शोधू लागतो. मला मिलिकन सापडले. इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजणारे, 1923 चं नोबेल मिळालेले. 1913 च्या निबंधात त्यांनी 58 थेंबांची मोजमापं दिली आणि हे निवडलेले नाहीत, सगळे आहेत, असं लिहिलं. पुढं जेराल्ड होल्टन यांनी त्यांच्या वह्या उघडल्या आणि 1978 साली दाखवून दिलं, की वह्यांत थेंब कितीतरी जास्त होते. कुणी म्हणतात लबाडी, कुणी म्हणतात जाणत्या हाताची पारख. मला पहिल्यांदा ते वाचून केवढा धीर आला! म्हणजे आमच्या घराण्याचा मूळपुरुष हाच. पण पुढचं वाचलं आणि धीर गेला. मिलिकन यांनी हवेच्या चिकटपणाचा आकडा चुकीचा धरला होता, म्हणून त्यांचं उत्तर किंचित कमी आलं होतं. नंतरच्या शास्त्रज्ञांची उत्तरं एकदम बरोबर आली नाहीत, हळूहळू एकेक पायरी वर चढत गेली. फाइनमन यांनी 1974 साली कॅलटेकच्या पदवीधरांना याचं कारण सांगितलं. उत्तर मिलिकनपेक्षा फार जास्त आलं, की माणसं आपली चूक शोधत बसत, आणि जवळपास आलं की शोधत नसत. ‘बाकी बावीस जणांचं 980 आलंय’ हे वाक्य इंग्रजीतही असतं तर.

याच्या उलट एक झां रिशे नावाचा फ्रेंच माणूस. त्याला 1672 साली पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला मंगळ बघायला पाठवलं. तिथं त्याचं लंबकाचं घड्याळ, पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं, दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागं पडू लागलं. राजाच्या पैशानं गेलेला माणूस. गुपचूप काटा पुढं सारून मंगळ बघत बसता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. लंबक किती आखूड करावा लागतो ते महिनोन्‌महिने मोजलं आणि तसंच लिहून आणलं. मायदेशी काही जाणत्यांना ती त्याचीच चूक वाटली. न्यूटनला वाटली नाही. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे, हे 1687 च्या ग्रंथात मांडताना त्यानं ही नोंद पुरावा म्हणून घेतली. रिशे आमच्या कॉलेजात असता, तर मीच त्याचा कागद ओढून घेतला असता आणि पृथ्वी आजवर गोल राहिली असती.

जोडीदार पुढं वजनमापे खात्यात जायला हवा होता. तो विमा कंपनीत गेला. तिथंही म्हणे त्याच्या पॉलिसी कमीच व्हायच्या.

आणि आठशे मीटरवाला मला चार वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. मी ओळखलं नव्हतं, त्यानं ओळखलं. पांढरी टोपी, भरघोस मिशा, खताचं दुकान, दोन मुलं, चार नातवंडं. पंगतीत शेजारीच बसला. भाजी वाढून होईपर्यंत गाडी त्या शर्यतीवर आली. बहुतेक प्रत्येक पंगतीत येत असावी, कारण समोरचा त्याचा नातू पुढचं वाक्य आधीच पुटपुटत होता. "एका शेकंदानं हुकलं," तो म्हणाला. "एक शेकंद! पण मी कधी कुणाला नावं ठेवली नाहीत. का? तर घड्याळ साधंसुधं नव्हतं. शायन्सचं होतं. स्विस. ते चुकायचं नाही." मग नातवाकडं वळून माझ्याकडं बोट दाखवलं. "विचार यांना. यांच्याच लॅबमधलं. काय हो?"

माझ्या डोक्यात गणित तयारच होतं, पन्नास वर्षं तयार आहे. 125 सेकंदांतून एक टक्का वजा. एकशे तेवीस पूर्णांक आठ. दोन मिनिटं, तीन पूर्णांक आठ दशांश. पोरगं घास हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होतं. म्हाताराही बघत होता, एका सेकंदाचं ते वैभव सांभाळत.

"हो," मी म्हणालो, "आमच्या लॅबमधलंच."

वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला होता. मला डॉक्टरांनी गोड वर्ज्य सांगितलंय. हात आडवा करायचा राहून गेला, आणि त्यानं तीन वाढल्या.